पुठ्ठ्याच्या पडद्याची परीक्षा

‘हस्तऊर्जेने सांधेदुखी पळाली’ ही आमच्या तालुक्यातील शिबिराची बातमी शनिवारच्या अंकात वाचली. अंगाला हात न लावता, चार बोटे अंतरावरून रोग्याची ‘ऊर्जा’ जाणवते, हा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने तो शाळेच्या प्रकल्पात तपासला. मध्ये पडदा, त्यातून उपचारकाचे दोन्ही हात पलीकडे. एमिली नाणे उडवून एका हाताच्या वर आपला हात धरी. कोणता, एवढेच उपचारकाने सांगायचे. २१ जणांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून सांगितले असते तरी निम्मी जुळली असती! अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने १९९८ साली हे छापले.

आपल्या बातमीत मात्र केवळ ‘बरे वाटले’ म्हणणाऱ्यांचे अनुभव आहेत. शिबिर भरले कापूस वेचणी आटोपल्यावर. विसावा मिळाला की कंबरदुखी तशीही उतरते, हे वेचणाऱ्या बायांना विचारा. ग्रामपंचायतीने सभागृह पुन्हा देण्याआधी हीच परीक्षा गावासमोर घ्यावी. पुठ्ठा मी आणतो.

– एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)