वयाचा तक्ता शिकवणाऱ्या ग्रंथपाल मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

गोष्टीतलं लाडकं लेकरू मोठं करून कादंबरीत आणायचं, तर आधी त्याचं वय मोजा, असं तुम्ही सांगितलंत. आमची अख्खी कादंबरी त्यावर उभी राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

मालिकेतला पोरगा कितीही पुस्तकं निघाली तरी त्याच वर्गात असतो. त्याला एका सालाला बांधावंच लागतं. तुम्ही १९७१ धरायला लावलंत, ‘किशोर’ मासिक सुरू झालं ते साल. वर्ग सहावा, वय ११. मग आडव्या कागदावर रकाने पाडले: साल, त्याचं वय, आईचं वय, गावात काय चाललंय. १९७२च्या दुष्काळात तो १२ वर्षांचा, घरात मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकर, आई खडी फोडायला. मॅट्रिक आम्ही अकरावीची लिहिली होती. तुम्ही तिथंच बोट ठेवलंत. १९७५पासून ती परीक्षा दहावीला आली आणि हा पोरगा परीक्षेला बसणार १९७६ला. चूक एका ओळीची, पण त्याच्या वयाचा वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

सगळ्यात मोठे उपकार किल्लारीच्या भूकंपाच्या प्रकरणातले. १९९४ साली नायक औसा तालुक्यातल्या घरी येतो, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, अंथरूण टाकतो, असा प्रसंग होता. ‘अहो, माळवद राहिलं कुठं?’ एवढंच तुम्ही विचारलंत. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फाकल्या आणि माळवदाचं सगळं ओझं निजलेल्या माणसांवर आलं. आता तो जुन्या गावठाणात जातो, उंबऱ्याचा दगड शोधतो आणि लपाछपीतल्या बळदाची, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठाराची, जागा पावलं मोजून काढतो. कादंबरीतलं सगळ्यात खरं पान तेच आहे.

लकबीचंही तसंच. लहानपणीचा पेटंट शब्द मोठ्या माणसाच्या तोंडी दर प्रकरणात आला की नक्कल वाटते. तुमच्या सांगण्यावरून तो तीनदाच ठेवला: एकदा जुन्या मित्राच्या तोंडी, एकदा त्याच्या मुलीनं चुकीचा उच्चारलेला आणि शेवटी एकदा त्याचा स्वतःचा.

हे काम करू पाहणाऱ्या इतरांसाठी तुमचा आणखी एक सल्ला इथं लिहितो. लेखकाचं निधन ज्या साली झालं, त्यापुढची ६० वर्षं हक्क राहतात. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ साली गेले. म्हणजे फास्टर फेणेला मोठं करायचं, तर २०६१ अखेरपर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी हवी. आम्ही म्हणूनच नायक नवा घडवला आणि वाचकाला त्याचा लळा लागावा म्हणून त्याच्या बालपणीच्या चार गोष्टी त्या काळच्या भाषेत मध्ये घातल्या.

तक्त्याची प्रत सोबत आहे. आईचा रकाना १९९३नंतर अजून पेन्सिलीतच आहे. तेवढा तपासून द्या.

आपले,
कादंबरीचे लेखक