गोळी बदलली आहे, अण्णा

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की माझा आवाज भरून येतो आणि अण्णा "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. काल तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरांशी बोलून मी अण्णांची रक्ताच्या कर्करोगावरची गोळी बदलायला होकार दिला आणि पहिले तीन महिने तुम्ही दोघांनी इथे, संभाजीनगरला, माझ्याकडे राहायचे हेही ठरवून टाकले. तुम्हांला न विचारता ठरवले याचे वाईट वाटते. पण विचारले असते तर पेरणी उरकल्यावर बघू असे उत्तर आले असते, आणि या वेळी थांबण्याइतकी सवड आपल्याकडे नाही. नवी गोळी सुरू झाली की सुरुवातीला रक्त वारंवार तपासावे लागते आणि तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तात आजाराचा अंश किती उरला ते मोजणारी तपासणी, हे सारे परभणीहून एसटीने ये-जा करून तुम्हांला झेपणार नाही.

अण्णा, आठ वर्षे साथ दिलेली गोळी आता का चालेना, हा प्रश्न तुम्हांला झोपू देत नसेल. तुमचा आजार नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने सुरू झाला. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचे प्रथिन तयार होते, जे पेशीला सतत वाढायला लावते, आणि इमॅटिनिब, म्हणजे तुमची जुनी गोळी, त्याला बंद ठेवते. आता काही पेशींत या प्रथिनाच्या २५५व्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी लायसिन हा घटक आला आहे; अहवालात त्याला ई२५५के म्हटले आहे. तेवढ्याने प्रथिनाचा घाट बदलतो आणि जुन्या गोळीला तिथे नीट बसता येत नाही. म्हणूनच ०.१ टक्क्याच्या खाली असलेला पीसीआरचा आकडा २ च्या वर गेला.

२०१७ साली आपल्या पऱ्हाटीचे काय झाले ते आठवा. बीटी आहे म्हणून आपण निर्धास्त होतो आणि बोंड फोडले की आत गुलाबी अळी जिवंत निघत होती. बीटीने ती अळी घडवली नव्हती. बीटी पचवणाऱ्या थोड्या अळ्या टिकल्या, बाकीच्या मेल्या आणि रान त्यांना मोकळे मिळाले. पेशींचेही तसेच होते. १९६० साली फिलाडेल्फियात या आजाराचे गुणसूत्र ज्या दोघांनी प्रथम पाहिले, त्यांच्यापैकी पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्येच मांडले होते की कर्करोगाच्या पेशींत पिढ्यानपिढ्या नवे बदल होत जातात आणि त्यांतून टिकणाऱ्यांची निवड होत राहते.

गोळ्या चुकल्या म्हणूनच हे झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. मात्र गोळी चुकली की या पेशींना वाढायला वाव मिळतो, आणि जितक्या पेशी वाढतील तितक्या नव्या चुका होण्याचा संभव वाढतो, हे मला लपवता येत नाही. पायात गोळे येतात, मग दिवसभर रानात उभे कसे राहायचे, म्हणून तुम्ही खाडे केलेत. दिवाळीला कपाटातल्या उरलेल्या पट्ट्या मी मोजल्या होत्या आणि गप्प बसले. ती चूक माझी आहे.

आई, तू घाबरू नकोस. रक्तातले ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, २० टक्क्यांवर गेले की आजार उग्र होतो, आणि तिथवर जाताना पेशींत आणखी बदल साचतात, जसे आठवे गुणसूत्र एक जास्तीचे होणे. अण्णांचे ब्लास्ट २ टक्के आहेत आणि असा जास्तीचा बदल एकही सापडलेला नाही. ज्या ३१५व्या जागेच्या बदलाची मला धास्ती होती, कारण त्यापुढे ही नवी गोळीही चालत नाही, तोही नाही. ई२५५केवर डॅसॅटिनिब, म्हणजे ही नवी गोळी, चालते.

खोली तळमजल्यावर घेतली आहे, त्यामुळे मागच्या वेळी जिन्यावर झाले तसे होणार नाही. सकाळचे ऊन खाटेवर येते, आईच्या पोथीसाठी कोनाडा आहे, ज्वारी गावाकडचीच आणू, म्हशीचे दादा बघणार आहे.

लहानपणी मी तापाने फणफणले की अण्णा, तुम्ही गोळी चुरून गुळाच्या खड्यात लपवून द्यायचात आणि ती गिळेपर्यंत माझा हात धरून बसायचात. ही गोळी मात्र चुरायची नाही, तोडायचीही नाही. रोज एकदा, ठरल्या वेळी, अख्खी गिळायची. सकाळची ती ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, कारण तिने डॅसॅटिनिब अंगी लागत नाही. दम लागला किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी सांगायचे, फुप्फुसाभोवती पाणी तर साचले नाही ना हे पाहावे लागते. आणि नवी गोळी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही.

रविवारी गाडी घेऊन येते. आई, कपाटातल्या त्या उरलेल्या पट्ट्या पिशवीत घालून ठेव. अण्णांना रागावण्यासाठी नाही, किती दिवस चुकले ते डॉक्टरांना खरे सांगता यावे म्हणून.

तुमची,
माई