फाट्यावर थांबायचं कुणी होतं

पुणे, १२ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई, सा. नमस्कार.

अपघाताचं विचारलं तर बाबा फोनवर तीन वेळा म्हणाले, "काही नाही, मिटलंय," आणि तिन्ही वेळा फोन आईच्या हातात दिला. म्हणून लिहायला बसले. पत्र मावसभावाबरोबर रात्रीच्या गाडीनं पाठवतेय. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर बाबांनी ते वाचलं नसतं आणि गल्लीतल्या चौघांनी वाचलं असतं.

आधी एक सांगते. बाबा, तुम्ही तिथून निघून गेला नाहीत. तुमच्या गाडीवर आदळलेल्या त्या पोराला टेम्पोत घालून बेळगावला दवाखान्यात नेलंत, त्याच्या घरी फोन लावलात, तो आत जाईपर्यंत थांबलात. चालकानं पहिल्यांदा हेच करायचं असं कायदा म्हणतो, आणि निम्मे लोक ते करत नाहीत. माझ्याकडच्या फायलींत असे किती निघतात जे "दुसऱ्या दिवशी सापडले". तुम्ही त्यातले नाही.

आता फाट्याचं. आईनं सांगितलं त्यावरून मी कागदावर नकाशा काढला. तुम्ही गावच्या रस्त्यानं वर आलात, बेळगावकडे म्हणजे उजवीकडे वळायचं होतं. डावीकडून, तुरमुरीकडून, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन डुलत येत होता. तो एकदा पुढं गेला की हिंडलग्यापर्यंत त्याच्या मागं सरपटत जावं लागणार, म्हणून तुम्ही तो यायच्या आत गाडी काढली. नजर सगळी ट्रॅक्टरवर. आणि उजवीकडून, सुळग्याकडून, तो पोरगा मोटरसायकलवरून शिनोळीच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला निघालेला. तो तुमच्या उजव्या फेंडरवर आणि पुढच्या दारावर आदळला.

तुम्ही आईला म्हणालात, "तो भरधाव आला, मी काय करणार." बाबा, हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा वाचते.

मी नेमकं काय काम करते ते घरी कधी नीट सांगितलं नाही. "विम्याच्या ऑफिसात आहे" एवढंच. क्लेमच्या खात्यात माझ्या टेबलावर अपघाताच्या फायली येतात आणि जखमी माणसाची चूक शोधायची हे माझं काम. त्याचा वेग, त्याचं हेल्मेट, त्याचं लायसन्स, गाडीवर तिघं होते का. जितकी चूक त्याच्या पदरात पडेल तितकी भरपाई कमी. ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, टक्के काढतं: याची ऐंशी, त्याची वीस. पोटासाठी रोज मी दुसऱ्याच्या पोरांच्या चुका काढते, आणि आता समोर तुमची फाईल आहे.

तर एक फाईल म्हणून सांगते. रस्त्याचा नियम १९८९ पासून लिहिलेला आहे, २०१७ साली नवी नियमावली आली तरी तो राहिला: फाट्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्यानं थांबायचं आणि मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. मोठा-छोटा असा फरक नसेल तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी. आपल्याकडे हॉर्न मारला की हक्क मिळाला असं सगळे समजतात, ते सोडा. हा पोरगा दोन्ही हिशेबांनी बरोबर बसतो. तो मोठ्या रस्त्यावर होता, आणि तुमच्या उजवीकडून आला. थांबायचं तुम्ही होतं.

वेगाचं म्हणाल, तर पोलिसांनी जो स्पॉट महजर, म्हणजे जागेचा पंचनामा, केलाय त्यात ब्रेकच्या खुणा किती लांब, गाडी रस्त्यात किती आत आली होती, हे मापून लिहिलेलं असतं. तो खरंच जोरात असेल तर काही टक्के त्याच्याकडे जातील. पण जोरात आला म्हणून फाट्यावर थांबायची तुमची जबाबदारी पुसली जात नाही. हेल्मेट नव्हतं असंही तुम्ही म्हणालात. मोडली त्याची नडगी. हेल्मेट नसल्यानं नडगी मोडत नाही. नियम मोडला एवढ्यावर जखमीची भरपाई कापता येत नाही, त्या मोडण्यानं अपघात तरी झाला पाहिजे किंवा इजा तरी वाढली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली एका मोटरसायकलवर तिघं बसलेल्या प्रकरणात सांगितलंय. हा मुद्दा माझ्याविरुद्ध इतक्या वेळा वापरला गेलाय की पाठ झालाय.

आई, आता तुझ्या "जेल"च्या भीतीबद्दल. भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमं लागतील, बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून जबर दुखापत. दोन्ही जामीनपात्र आहेत, जामीन ठाण्यातच होतो. रात्रभर जागू नकोस. पण ही पोलीस केस वेगळी आणि भरपाईची केस वेगळी. कुणी म्हणेल, "कोर्टात गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." ती कबुली पुढं ट्रिब्युनलमध्ये पुरावा म्हणून पुढं येते. वकिलाला विचारल्याशिवाय काही कबूल करायचं नाही. आणि कुठल्याही कन्नड कागदावर, तो कुणी मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय, सही नाही. बाबा, तुम्ही बाजारात कन्नड फाडफाड बोलता हे मला माहीत आहे. वाचता येत नाही हेही माहीत आहे.

गंमत बघा. तो पोरगा चंदगड तालुक्यातला. अपघात कर्नाटकात झाला तरी भरपाईची केस तो स्वतः राहतो तिकडच्या ट्रिब्युनलमध्ये घालू शकतो. म्हणजे समन्स महाराष्ट्रातून मराठीत येणार आणि बेळगावचे पोलीस कागद मराठीत करून तिकडे न्यावे लागणार. जन्मभर आपण ज्या भाषांतरासाठी मोर्चे काढले ते असं घरपोच.

आता खरा विषय. आईनं चाचरत सांगितलं, लायसन्सची मुदत नोव्हेंबरात संपली. आणि परवा रात्री ओट्यावर चार जण बसले आणि ठरलं की गाडी काकांचा पोरगा चालवत होता असं सांगायचं. त्याचं लायसन्स चालू आहे, त्याला काही होणार नाही, विमा कंपनी पैसे देईल, बाबाही सुटतील.

हे करायचं नाही. बाबा, हात जोडते, हे करायचं नाही.

आमच्या टेबलावर याला "बदली ड्रायव्हर" म्हणतात आणि तो सगळ्यात लवकर सापडतो. दवाखान्याच्या रजिस्टरला जखमीला कोणी आणलं त्या रकान्यात तुमचं नाव आहे. टेम्पोवाल्यानं तुम्हाला बघितलंय. फाट्यावरच्या चहावाल्यानं तुम्हाला पाणी दिलं. त्या पोरानं काचेतून तुमचं तोंड बघितलंय, आणि तो कोर्टात सांगेल की गाडीत म्हातारे गृहस्थ होते. काकांचा पोरगा तेव्हा उद्यमबागेत मशीनवर होता, तिथली हजेरी आहे. आज जी चूक आहे ती चूक आहे; ओट्यावर ठरलं ते केलं की तो गुन्हा होतो, आणि त्यात एका चांगल्या पोराचं नाव घातलं जातं ज्याचं लग्न मे महिन्यात आहे.

मग काय होईल ते सरळ सांगते. तुमची थर्ड पार्टी पॉलिसी चालू आहे, मी नंबर टाकून बघितला. लायसन्स संपलेलं म्हणून कंपनी भांडेल, कंपनीच्या जागी मी असते तर मीही भांडले असते. पण सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून कोर्टाचा कल असा आहे की त्या पोराला तरी पैसे मिळालेच पाहिजेत. लायसन्सच्या मुद्द्यावर कंपनी जिंकली तरी ट्रिब्युनल बहुतेकदा तिला आधी त्याला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. "पे अँड रिकव्हर." तो मालक तुम्ही. किती, ते आज कुणी सांगू शकत नाही. पण अंदाज यावा म्हणून: पोरगा चोवीस वर्षांचा, पगार महिन्याला १५,००० धरला आणि पायामुळं कमावण्याची ताकद १० टक्के गेली असं ठरलं, तर वर्षाला बुडणारे १८,००० त्या वयाला १८ नं गुणतात, हिशेब ३,२४,००० वर जातो. त्यावर दवाखाना, बुडालेला पगार, सोसलेल्या दुखण्याचे पैसे. उभं राहून काम करणाऱ्याचा पाय आहे, १० टक्क्यांहून जास्तही निघेल.

तुम्ही लगेच खालच्या भाताच्या शेताचा विचार केला असेल. करू नका. वसुली आलीच तर ती वर्षांनी येते, आणि माझ्याकडे आहेत तेवढे पैसे. हा विषय इथं संपला, यावर फोनवर वाद नको.

आईकडून हेही कळलं की तुम्ही शनिवारी दवाखान्यात जाऊन त्याच्या आईच्या हातात वीस हजारांचं पाकीट ठेवलंत. बाबा, हे ऐकून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. माणूस म्हणून तुम्ही जे केलं ते मी तुमच्याकडूनच शिकले. पण पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली द्यायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. त्याला भेटायला जा, फळं न्या, पाय कसा आहे विचारा, "माझी चूक झाली" असं तोंडानं वाटलं तर म्हणा, मी तुम्हाला माणुसकीपासून अडवणार नाही. पण "सगळा खर्च मी करतो" असं कागदावर नाही. आणि शंभराच्या बाँडवर तडजोड करून आणतो म्हणणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. २८१ चं कलम गावकीत बसून मिटत नाही.

कंपनीला अपघाताचं पत्र आजच जायला हवं होतं. मी लिहून सोबत ठेवलंय, चालक म्हणून तुमचंच नाव घातलंय. सही करून मावसभावाकडे द्या, तो बेळगावच्या शाखेत पोच घेईल. गाडी ठाण्यातून सुटली तरी आरटीओच्या इन्स्पेक्टरनं बघितल्याशिवाय दाराचा पत्रा ठोकायला द्यायची नाही.

त्या पोराच्या आईला एक निरोप द्या. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर राहू नका म्हणावं. दवाखान्याचं एकही बिल टाकू नका, पगाराची स्लिप जपा. माझ्या वरच्या साहेबाला कळलं की मी हे लिहिलं तर तो डोक्याला हात लावेल. लावू दे.

आणि शेवटचं, जे मला फोनवर विचारायला जमलं नाही. लायसन्स तुम्ही विसरला नाहीत. वीज बिल तारखेच्या चार दिवस आधी भरणारा माणूस लायसन्स विसरत नाही. पंचावन्न वय ओलांडलं की ते पाच-पाच वर्षांनीच मिळतं, आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गेल्या दिवाळीला तुम्ही पेपर डाव्या डोळ्याजवळ धरून वाचत होता, मी बघितलं आणि बोलले नाही. तो दाखला मिळणार नाही म्हणून तुम्ही गेलाच नाहीत ना? माझंही चुकलं. दिवाळीलाच बोलायला हवं होतं.

पोलिसांनी किंवा वकिलानं डोळ्याचं विचारलं तर खरं सांगा. आपण होऊन भाषण करू नका.

मी संक्रांतीला पहाटेच्या गाडीनं येते. घ्यायला कुणी येऊ नका, रिक्षानं येईन. पंधरा तारखेला डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, सकाळी साडेदहा. आई, तिळगूळ जास्तीचा कर, दुपारी आपण तिघं दवाखान्यात जाऊ.

तुमची,
थोरली

ता. क. गाडीची दुसरी किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. आई, ती तुझ्याकडे ठेव.