शिशाचे रसायन एका ओळीत संपू नये

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

पागाच्या (फेकून मासे पकडायच्या जाळ्याच्या) काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या किनाऱ्यावरील मुले लहानपणापासून हाताळतात. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात मात्र त्यांना ‘निष्क्रिय जोडी परिणामामुळे (बाहेरचे दोन एस इलेक्ट्रॉन सहसा बंधात भाग घेत नसल्याने) शिशाची +४ पेक्षा +२ ऑक्सिडीकरण अवस्था स्थिर’ एवढेच शिकायला मिळते. खरी गंमत त्यापुढे आहे. २००० साली कॅलिफोर्नियात रसायनशास्त्रज्ञ फिलिप पॉवर यांच्या गटाने, अवजड अराइल गटांच्या (बेंझिनसारखी वलये असलेल्या कार्बनी गटांच्या) आडोशाने, दोन शिसे-अणू परस्परांना जोडलेले आणि प्रत्येकावर एकच कार्बनी गट असलेले संयुग वेगळे केले. सूत्र पाहता ते अॅसिटिलिनचे (तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन असलेल्या सरळ रेणूचे) भावंड, म्हणजे तिहेरी बंध आणि सरळ रेषा अपेक्षित. प्रत्यक्षात शिसे-शिसे-कार्बन कोन सुमारे ९४ अंश, तर शिसे-शिसे अंतर सुमारे ३.१९ अँगस्ट्रॉम, म्हणजे हेक्साफिनाइल डायप्लंबेन या शिशाच्या दुसऱ्या संयुगातील साध्या एकेरी शिसे-शिसे बंधापेक्षाही जास्त! सापेक्षतावादी परिणामाने (जड अणूंत इलेक्ट्रॉनांचा वेग फार असल्याने) केंद्रकाकडे ओढले गेलेले बाहेरच्या कवचातील ६एस इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूवर एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, जोडी म्हणून राहतात आणि बंधासाठी मुख्यत्वे ६पी कक्षकच उरतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. अशी संयुगे हवा-ओलावा सोसत नसल्याने आपल्या प्रयोगशाळांत ती करता येणार नाहीत, हे मान्य. पण त्यांच्या रचना फळ्यावर काढून दाखवायला काहीच अडचण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयांनी हा विषय वर्गात घ्यावा आणि आपल्या पुरवणीनेही त्याला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– रसायनशास्त्राचे एक शिक्षक, रत्नागिरी