बंड्या, तुझी पपनसं!

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

एवढी यंत्रं असताना किडनीचा तुकडा काढायला सुई कशाला, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून काढायचा कचरा, १.२ वरून १.९ वर गेलं. बसवलेली किडनी उजव्या जांघेच्या वर, हाताला लागेल इतकी जवळ असते. सोनोग्राफीवर बघत सुई घालतात. भूल देतात, दुखत नाही. पण तुकडा घेताना स्टेपलरसारखं ‘खट्’ वाजतं. मग सहा तास उताणं पडायचं, पोटावर वाळूची पिशवी, आणि दर खेपेला लघवीच्या भांड्यात डोकावायचं, लाल नाही ना!

डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आधीच झाला होता. रक्ताला अडथळा किती, ते त्यात दिसतं. पण अडथळा रिजेक्शननेही, म्हणजे शरीराने किडनी परकी मानून हल्ला केला तरी वाढतो, आणि तो हल्ला रोखणारी माझी गोळी, टॅक्रोलिमस, जास्त झाली तरी. उपाय मात्र उलटे: एकात स्टिरॉइडचा मारा, दुसऱ्यात गोळी कमी.

पडल्यापडल्या वाचत होतो. बेल्जियममधल्या लिएजच्या डॉक्टरांनी कॅन्सरवाला पेट स्कॅन यासाठी वापरून पाहिला. हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी साखरेच्या भुकेल्या. शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर तिथे जमते नि किडनी उजळते. पण तीच साखर लघवीतूनही जाते, म्हणून मोजायचं ते बाहेरच्या सालीवर. अमेरिकेत लुईव्हिलला एमआरआयवर काम चाललंय. सूज आणि पेशींची गर्दी असली की पाण्याचे रेणू मोकळे हलत नाहीत, ते टिपायचं. तेही गॅडोलिनियम हे एमआरआयचं औषध न टोचता. दुबळ्या किडनीला ते शक्यतो नको.

अर्थात इन्फेक्शननेही किडनी उजळते. उजळली नाही तर सुई टाळायची, एवढा उपयोग मला पटतो. माझी बहुधा टळली असती.

कारण रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी नव्हतीच. नलिकांत बारीक पोकळ्या, म्हणजे टॅक्रोलिमस जास्त. डॉक्टर म्हणाले, ‘ग्रेपफ्रूट खाल्लं होतं?’ म्हटलं, ते कुठलं आमच्याकडे! तेवढ्यात आई म्हणाली, ‘डॉक्टर, पपनस चालतं का हो?’

गणपतीत वेंगुर्ल्याहून तू पाठवलेल्या चारांपैकी तीन मी एकट्याने संपवली होती. त्याने गोळी आतड्यात कमी मोडते नि रक्तात जास्त जाते म्हणे. आई दोन दिवस बोलत नव्हती. किडनी तिची ना!

आता १.३ आहे. काकूंना यातलं काही सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील. पुढच्या वेळी आमसुलं पाठव.

तुझा,
नंदू