गाडी चालवता येते, पण बोनेट कुणी उघडलंय?

संपादक महोदय,
स.न.

मुलं गेम खेळून वाया चालली असं पत्र तुमच्याकडे दर पंधरा दिवसांनी येतच असेल, दिवाळीच्या सुट्टीत मीपण एक लिहायला घेतलेलं, अर्ध्यावर सोडलं. का सोडलं ते सांगते.

माझा मुलगा प्रोजेक्ट झोम्बॉइड नावाचा गेम खेळतो. १९९३ चा जुलै, अमेरिकेतलं केंटकी राज्य, साथ पसरलीये, मेलेली माणसं रस्त्यावर फिरतायत, आणि सुरुवातीलाच स्क्रीनवर येतं की तुम्ही कसे मेलात त्याची ही गोष्ट. म्हणजे जिंकणं वगैरे भानगडच नाही, किती दिवस तग धरता एवढंच. काही दिवसांनी वीज जाते, पाणी जातं, आणि गेलं की गेलं (आपल्याकडे निदान गुरुवारी गेलेलं पाणी शुक्रवारी येतं). मला आधी हे सगळं फार अभद्र वाटलेलं. पण एकदा चहा द्यायला गेले तर हा वीस मिनिटं एका उभ्या गाडीचे पार्ट बघत बसलेला, बॅटरी, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर, प्रत्येकापुढे तो किती टक्के धड आहे ते लिहिलेलं. झोम्बी राहिले बाजूला, म्हटलं हा गॅरेज चालवतोय की काय.

मग रोज थोडं थोडं बघायला लागले. त्यातली गाडी तुम्ही दुर्लक्ष केलं की सरळ दगा देते. रात्री रेडिओ किंवा हेडलाइट चालू राहिले की बॅटरी उतरते. टायर काढायचा तर जॅक आणि चाकपाना जवळ पाहिजे, ब्रेक काढायचे तर आधी टायर काढा, आणि अनुभव नसताना हात घातला तर पार्ट अजून खराब होतो. सायलेन्सर गेला की आवाज वाढतो आणि आजूबाजूचे सगळे झोम्बी गोळा होतात, हा नियम आमच्या रस्त्यावर रात्री साडेअकराला फटफट करत जाणाऱ्यांना लागू व्हायला पाहिजे होता. पेट्रोल दुसऱ्या बंद पडलेल्या गाड्यांतून कॅनमधे काढायचं, कारण वीज गेल्यावर पंप चालत नाहीत, जनरेटर आणून जोडावा लागतो. झोम्बींच्या घोळक्यात हा गाडी रिव्हर्समधे घालतो, म्हटलं उलटी का रे, तर म्हणे पुढून आपटली की आधी बोनेट जातं मग इंजिन, डिकी चेपली तर चालतंय. साध्या, व्यावसायिक आणि स्पोर्ट अशा तीन प्रकारच्या गाड्या आहेत आणि ब्रेक-सस्पेन्शनसारखं काम करायचं तर त्या त्या प्रकारचं मासिक शोधून वाचावं लागतं. छापील मासिकाला तिथे अजून किंमत आहे हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल! चावी नसेल तर वायर जोडूनही गाडी सुरू करता येते, ते ज्ञान मात्र त्याने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे आणू नये.

एकदा मीपण चालवून बघितली, स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजव्या बाजूचा, दोन मिनिटांत कुंपणात घातली.

आता खरी गोष्ट. मी १९ वर्षं गाडी चालवतेय, पुण्यात चालवतेय म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या, आणि या १९ वर्षांत बोनेट स्वतः एकदाही उघडलं नव्हतं. जानेवारीत नणंदेला घेऊन वाईला निघाले, शिरवळच्या पुढे टायर पंक्चर. मुलाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, आई जॅक कुठाय? म्हटलं असेल डिकीत. होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कंपनीतून आला तसाच. दुसरा प्रश्न, स्टेपनीत हवा आहे का? तर ती पार बसलेली, कारण सर्व्हिसिंगला दिली की चार चाकांची हवा बघतात, पाचव्याचं मीही कधी विचारलं नाही. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले, त्यांनी त्यांच्या पंपाने स्टेपनीत हवा भरली आणि मी जॅक चढवायला लागले तर म्हणाले, ताई आधी नट ढिले करा, गाडी उचलल्यावर चाक नुसतं फिरत बसेल. हे काही गेममधे नाहीये बरं का, तिथे बटण दाबलं की टायर निघतो, घाम नाही, हात काळे नाहीत. पण निघायच्या आधी गाडीत काय आहे काय नाही हे बघायची सवय मुलाला त्या गेमने लावली आणि मला कुणीच लावली नव्हती, हेही खरंच आहे.

ड्रायव्हिंग क्लासला मी फी भरून गेले होते. क्लच, हाफ क्लच, रिव्हर्स, मैदानावर टेस्ट, हातात लायसन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधे ड्रायव्हिंग स्कूलसाठी जो अभ्यासक्रम दिलाय त्यात गाडीची यंत्रणा आणि दुरुस्ती असा भाग आहे, प्रथमोपचारही आहेत. माझ्या क्लासमधे यातलं अक्षर निघालं नाही, आणि ओळखीतल्या दहाबारा जणांना विचारलं तर त्यांच्याही नाही. परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा ओळखायला लावतात, ठीकच आहे, पण त्यासोबत एक चाक बदलून दाखवा म्हटलं तर काय बिघडतं? खंबाटकीत नाहीतर वरंधा घाटात रात्री गाडी बंद पडली तर नो पार्किंगची खूण ओळखून काय करायचंय.

तुमच्याकडे नवीन गाड्यांची माहिती दर आठवड्याला येते, किती सीसी, सनरूफ आहे का, सगळं. त्यातलाच अर्धा कॉलम घरातल्या जुन्या गाडीला द्या ना. टायरची हवा किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साठलं तर काय करायचं, टायर झिजलाय हे खाचांमधल्या खुणांवरून कसं ओळखायचं, एवढं जरी छापलंत तरी कात्रण काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवीन. नाना पेठेत पार्ट घ्यायला गेल्यावर दुकानदार काय म्हणतोय तेही मग मला जरा कळेल.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे

ता. क. : स्टेपनीत हवा भरून घेतली. जॅक अजून पिशवीतच आहे, पण पिशवी फाडलीये.