घाटात माझ्या मागून धावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतंच काका म्हणते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. पहाटे साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या कितीतरी जणांना तुम्ही काही ना काही शिकवलंय आणि तुमचे आभार मानताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मी पहिल्यांदा उतरले, तेव्हा शर्यत पुरी केलीच नाही. गावातून सगळे सुसाट निघाले, त्यांच्याबरोबर मीही निघाले. समर्थ मंदिर मागे पडलं, चढ लागला, तरी घड्याळातला वेग सोडायचा नाही हा हट्ट. एका वळणावर कठड्याला टेकले ती पुन्हा धावलेच नाही. दोन मिनिटांत दम परत आला होता, पाय धड होते, आणि तरीही मी चालत खाली आले. ते मला फार लागलं. मग वर्षभर रोज जीव तोडून धावत सुटले आणि नडग्या दुखवून घेतल्या.

तुम्ही भेटलात ते तेव्हा. मी रस्त्याकडेला बसून नडगी चोळत होते. तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "आठवड्यातले किती दिवस जीव तोडून धावतेस?" मी म्हटलं, "सगळे." तुम्ही म्हणालात, "मग शर्यतीच्या दिवशी तोडायला जीव आणणार कुठनं?"

आधी पंधरा दिवस धावणं बंद. पुढे तुम्ही मला पाढ्यावर धावायला लावलंत. सतराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न... न अडखळता आला तर वेग बरोबर, अडखळला तर कमी करायचा. आठवड्यातले चार दिवस हे असंच. मला ते धावणं वाटतच नव्हतं. सपाटीला ठीक होतं, पण घाटात पाढा सांभाळायचा तर किलोमीटरमागे दीड-दोन मिनिटं जास्त लागायची आणि शेजारून लोक पुढे जायचे. एकदा चिडून मी वेग वाढवला, तर मागून तुमचा आवाज आला, "अगं, घाट कुठं पळून चाललाय?"

तुम्ही नेहमी मागेच धावायचात. कारण विचारलं तर म्हणालात, पुढं धावलो तर तू माझ्या पायांशी शर्यत लावशील. कासच्या गाड्या येऊ लागल्या की तेवढ्यापुरते माझ्या बाहेरच्या बाजूला यायचात आणि गाडी गेली की पुन्हा मागे.

बोलता येईल इतपतच हळू धावावं, हे जाणकार प्रशिक्षकही सांगतात, असं पुढे वाचनात आलं. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं तर माणसाला स्वतःचे कष्ट किती वाटतात, ते मोजायला 6 ते 20 अशी मोजपट्टीच केली आहे. तुमची मोजपट्टी सतराच्या पाढ्याची, आणि मला ती जास्त समजली.

पण माझं धावणं खरं बदललं ते तुमच्या एका शब्दानं. बुधवारी चढावर जोर लावायचा असायचा, तीन-तीन मिनिटांचे सहा तुकडे. चौथ्याला मी म्हणायचे, "काका, आता नाही होत." तुम्ही विचारायचात, "कुठं?" "सगळीकडेच." "सगळीकडे असं काही नसतं. जागा सांग." मग धावता धावता शोधायला लागायचं. पोटरी? नाही. गुडघा? नाही. मांड्या तापल्यात, श्वास मोठा झालाय, आणि भीती वाटतेय. "मांड्या तापणारच, चढ आहे. श्वासाचं कामच ते. राहिली भीती, तिला बरोबर घेऊन चल पुढच्या खांबापर्यंत." आणि एकदा मी "डावी नडगी, बोटभर जागा" असं म्हटल्याबरोबर तुम्ही मला जागच्या जागी थांबवून घरी पाठवलंत. कठड्याला टेकले त्या दिवशी कुणी "कुठं?" विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थकले की तुम्ही ललिता बाबरचं नाव काढायचात. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, 2015 साली मुंबई मॅरेथॉनमध्ये 2 तास 38 मिनिटांत भारतीय महिलांमध्ये पहिली, आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेली भारतीय महिला. "माणच्या उन्हात घडलीय ती," असं म्हणताना तुमचा आवाज बदलायचा. घरच्या लेकीबद्दल बोलावं तसा.

दुसऱ्या खेपेला गावातून निघताना मी मनात पाढा म्हणत होते. शेकडो लोक पुढे गेले, जाऊ दिले. त्याच वळणावर त्याच कठड्यापाशी छाती भरून आली, मी "कुठं?" म्हटलं, सापडलं नाही, आणि पुढे गेले. उतारावर मांड्यांनी मात्र हिशेब मागितला. उतरताना प्रत्येक पावलाला त्याच शरीर आवरून धरतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यासाठी रविवारी मुद्दाम उतार धावायला लावले होते. 2 तास 34 मिनिटं. तुम्ही शेवटच्या वळणावर रुमाल बांधून उभे होतात. वेळ विचारलीच नाहीत. लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली पुढे केलीत आणि विचारलंत, "नडगी?"

नडगी अजून ठणठणीत आहे, काका.

गुडघ्यामुळे तुमचं घाटात येणं थांबलंय, हे परवा कळलं. बुधवारी दोन नव्या मुली येतात माझ्याबरोबर. त्यातली एक पहिल्याच चढाला फार जोरात सुटते. मी तिच्या मागून धावते. तिला सतराचा पाढा येत नाही, म्हणून सध्या बाराचा चालू आहे. पावसाची उघडीप मिळाली की एका रविवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्या दाराशी येईन. वळणावर खुर्ची टाकू. तुम्ही फक्त तिचा श्वास ऐका आणि मला सांगा.

तुमची ती बाटलीही माझ्याकडेच राहिलीय. येताना भरून आणते.

तुमची,
घाटातली पोर